तुन्हं बी तसंच?

"कॅन्सर नथी, बेन," गुजराती डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नूतन नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

तिच्या लेकीच्या, सोनालीच्या कमरेमागच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढला होता, त्याचा हा निकाल. ताप हटत नव्हता, रक्त भरत नव्हतं, अंगावर निळे डाग उठत होते. सगळं वाईटाकडेच बोट दाखवत होतं. आता डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की हाडात रक्त तयार होतंय, पण कच्चंच राहतंय. एका जीवनसत्त्वाची कमतरता आहे. इंजेक्शनं, गोळ्या, दूध-दही. पोरगी पळायला लागेल.

नूतननं सोनालीला कडेवर उचललं. एवढी मोठी पोर कडेवर मावतही नव्हती. हसू आवरेना, म्हणून पदर तोंडावर धरून ती दाराबाहेर आली, तर समोर शोभाबाई उभी.

शोभाबाई गोडादरा वस्तीतली. तिचा योगेंद्र आणि सोनाली, दोघांना सुई एकाच सकाळी टोचली होती. आपल्या लेकराला धरवत नाही, म्हणून शोभाबाईनं सोनालीचे पाय धरले होते आणि नूतननं योगेंद्रचे खांदे. योगेंद्र 'आई' म्हणून ओरडला तेव्हा नूतननंच ओ दिली होती.

शोभाबाईला तिचा निकाल मघाशीच सांगितला होता. डोळे सुजले होते, पण रडून झालं होतं.

"योगेंद्रनं तेच निंघनं," ती म्हणाली. "रक्तना कॅन्सर." मग तिनं सोनालीच्या पाठीवर हात ठेवला. "तुन्हं बी तसंच?"

'नाही' हा शब्द नूतनच्या ओठांवर आला होता. पण शोभाबाईचा हात पोरीच्या पाठीवरून फिरत होता. नूतननं होकाराची मान हलवली.

"रडू नको व माय." शोभाबाईनं तिला जवळ ओढलं. "आपन दोन्ही जनी संगे राहसूत. सोमवारी भरती करतस ना, मी बाजूनी खाट मांगी लेसू. पोरं बी खेयतीन एकमेकासंगे." तिनं आपल्या पदरानं नूतनचं तोंड पुसलं. आता नूतनला खरोखर रडू फुटलं.

तिचा नवरा आनंदा कापडाच्या लूमवरची पाळी बुडवून आला होता. भिंतीला टेकून त्यानं हे सगळं ऐकलं. मग तो जिन्यापर्यंत गेला आणि पायरीवर बसला.

"उठा," नूतन त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली. "फाटकबाहेर चला, सांगस."

"आते काय सांगानं राहिनं?"

फाटकाबाहेर, रसाच्या गाडीच्या आडोशाला, तिनं सांगितलं. त्यानं परत सांगायला लावलं. मग तो हसला, मग डोळे पुसले, मग पोरीला खांद्यावर बसवलं. दोन पावलं जाऊन थांबला.

"मंग तिले हो काबर म्हनी?"

"तिन्हा तोंडवर नही म्हनता उनं नही."

"आन सोमवारी? ती तुन्हासाठी खाट धरी बसई."

नूतननं फाटकाकडे पाहिलं. "पोरले रस पाजा," म्हणाली आणि एकटीच परत आत गेली.

रक्त भरण्यापुरत्या मिळालेल्या खाटेवर शोभाबाई योगेंद्रला पाण्यात बिस्कीट भिजवून भरवत होती. नूतन उभ्या उभ्याच बोलली.

"अक्का, मी खोटं बोलनू. सोनालीले तसं काही नही."

शोभाबाईचा हात पोराच्या तोंडाशी तसाच राहिला. भिजलेलं बिस्कीट तुटून चादरीवर पडलं.

"कॅन्सर नही?"

"नही."

शोभाबाईनं चादरीवरचा लगदा बोटानं गोळा केला. योगेंद्रचं तोंड पुसलं. बिस्किटाचा पुडा नीट दुमडून उशीखाली ठेवला.

"बरं व्हयनं," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. मग खिडकीकडे बघत बोलली, "मी तुले धीर देत व्हतू ना, तव्हय माले बी धीर उना व्हता."

नूतन तिच्या हाताला हात लावायला गेली. शोभाबाईनं हात काढून घेतला.

"जाय. पोरले संगे लिसन आते आठे येऊ नको."

सोमवारी नूतन आली. सोनालीला शेजारणीकडे ठेवून, डब्यात खिचडी घेऊन, एकटीच. योगेंद्रच्या हाताला सलाईन लावलेलं होतं. तो झोपला होता. खाटेवर त्याच्या पायाशी शोभाबाई मांडी घालून बसली होती. बाजूच्या खाटेवर कुणी भलतंच पोर होतं.

शोभाबाईनं नूतनकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग ती खाटेवर भिंतीकडे सरकली आणि कडेला एका माणसापुरती जागा केली.