फक्त कडा

"वाइड लेन्सच घ्या, ताई. डोंगर, दरी, आभाळ, सगळं मावतं," दुकानदार म्हणाला.

"आभाळ नको. फक्त कडा. समोरच्या डोंगरावरून काढला तरी एकेक दगड सुटा दिसला पाहिजे."

असं चोखंदळ गिऱ्हाईक त्याला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. त्याने हौसेने मोठ्या सेन्सरचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा काढला, त्यावर लांब पल्ल्याची लेन्स चढवली. "वजनाला धोंडा आहे हं. हात बसायला महिना जाईल."

"आत्ताच शिकवा."

"डोंगर काय पळून चाललाय?" तो हसला. "बरं, फोटो छापणार केवढा? भिंतभर?"

"छापायचा नाही. स्क्रीनवर मोठा करून इंच न् इंच बघायचाय. शोधपथक काल परत गेलं. माझ्या लेकाच्या अंगात लाल जॅकेट आहे."