चारची लाईन

"मागच्या खेपेला जे जे बदललंस ते सगळं काढ," लल्ला बेया म्हणाली. "होतं तसं करून ठेव."

हम्मादी फरशीवर मॉडेमसमोर मांडी घालून बसला होता. त्याने मान वर केली. "होतं तसं म्हणजे? रोज चारला लाईन तुटायची, तसं?"

"तसंच."

हम्मादीने कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. बिझर्तच्या जुन्या बंदरामागच्या या घरात त्याने मॉडेम जोडून दीड वर्ष झालं होतं आणि ही त्याची पाचवी खेप. आधीच्या चारही तक्रारी लल्लाच्या मुलाने, समीने, थेट परदेशातून, लियॉनहून केल्या होत्या. आई दुपारी चारला इंटरनेटवर येते आणि दोन मिनिटांत गायब होते, हे काय चाललंय, म्हणून. या वेळी मात्र लल्लाने स्वतः फोन केला होता. आज ये, चारच्या आत ये, एवढंच बोलून तिने ठेवला होता.

चार खेपांत हम्मादीने जंग जंग पछाडलं होतं. वायर नवी टाकली, मॉडेमचा वेग उतरवला, मधेच दुसरा कॉल शिरतो ती सोय बंद करून घेतली. तरी चार वाजले की लाईन तुटायचीच. बाकी दिवसभर ती शहाण्यासारखी चालायची. शेवटी तो दर वेळी एकच प्रश्न विचारायचा.

"लल्ला, या लाईनवर दुसरा फोन नाही ना कुठे? कुणी नुसता रिसीव्हर उचलला तरी कनेक्शन पडतं."

"मी एकटी बाई. उचलणार कोण, जिन?"

"मग ती भिंतीला टेकलेली पेटी जरा सरकवू द्या. मागून वायर कशी गेलीय बघतो."

"लग्नातली पेटी आहे माझी. हात लावलास तर चहा मिळायचा नाही."

पुदिन्याच्या चहात चिलगोजे टाकण्याच्या बाबतीत लल्लाचा हात सढळ होता. हम्मादी पेटीचा नाद सोडून द्यायचा.

आजही त्याने मुकाट्याने सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या केल्या. आपणच केलेलं काम आपल्याच हाताने बिघडवायचं म्हणजे जिवावर येतं. पण गिऱ्हाईकापुढे, त्यात लल्लापुढे, कोण बोलणार?

"लिंबू पिळू का चहात?" त्याने टेबलावरच्या लिंबाकडे बघत विचारलं.

"पीळ की. बाजारातलं आहे. आमचं झाड गेलं भिंतीपलीकडे, तय्यबच्या वाटणीत."

तय्यब तिचा पाठचा भाऊ, पलीकडे एकटाच राहणारा. बाप गेला, घराचे दोन भाग झाले, अंगणात भिंत उभी राहिली आणि त्या लिंबाच्या झाडावरून दोघांत जे बिनसलं त्याला आता अकरा वर्षं झाली होती. भावाने ईदला बहिणीच्या दारी जायचं, ही तिथली रीत. तय्यब गल्लीत सगळ्यांच्या दारी जाई, एवढं एक दार सोडून. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं दोघांकडे बघून लोक म्हणत.

"लिंबासाठी अकरा वर्षं, लल्ला?"

"गप बस. घड्याळ बघ."

चारला दहा कमी होते. लल्ला आत गेली आणि डोळ्यांत सुरमा घालून, धुवट शाल घेऊन आली. हे ती दर वेळी करायची. लेकाला तर यातलं काहीच दिसणार नव्हतं, दिसणार होती ती फक्त अक्षरं. हम्मादीला तिची फार दया यायची. आणि लाजही वाटायची, कारण त्याची स्वतःची आई दोन गल्ल्यांवर होती आणि तो आठ दिवसांत तिकडे फिरकला नव्हता.

लाईन तुटली की लल्ला चिडत नसे, हे आणखी एक नवल. "अलहमदुलिल्लाह" असे देवाचे आभार मानून ती शालीच्या पदराने तोंड पुसायची आणि उठून चुलीकडे जायची. केवढी सोशिक बाई, असं तो घरी बायकोला सांगायचा.

चारला एक मिनिट असताना त्याने नंबर लावला. मॉडेम किंचाळलं, खरखरलं आणि जोडलं गेलं. लल्ला खुर्चीत ताठ बसली.

चार वाजून पाच मिनिटं झाली. लाईन चालू. चार दहा. चालूच.

"बघा!" हम्मादी खूश होऊन म्हणाला. "जुन्या सेटिंगवरसुद्धा टिकली. तुम्ही म्हणालात तसं केलं आणि पीडा गेली!"

 लल्लाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नीट बघ, बाळा. तुझ्या मशीनमुळेच टिकली असेल. काहीतरी राहिलं असेल बघ."

"काही राहिलं नाही. पण चांगलंच झालं की, लल्ला. तुटत नाही हीच तर..."

"मंगळवारपासून तुटली नाही." लल्ला पेटीकडे बघत म्हणाली. "म्हणून तर तुला बोलावलं. म्हटलं, तूच काहीतरी दुरुस्त करून ठेवलं असशील."

मंगळवारपासून म्हणजे तीन दिवस.  लल्ला उठली, दोन्ही हातांनी पेटी ढकलायला लागली. हम्मादी मदतीला धावला. पेटी हलली. मागे एक जुनी टेलिफोनची वायर होती आणि ती सरळ भिंतीत शिरली होती, पलीकडे.

"बापाच्या वेळची आहे. दोन्हीकडे एकच लाईन," लल्ला म्हणाली. "रोज चारला तय्यब तिकडचा फोन उचलायचा. एक शब्द बोलायचा नाही. तुझ्या पिशवीत त्याचं दार उघडायचं काही हत्यार आहे का, बाळा?"