मुख्य वाक्य कोणतं?

मोखाड्यातल्या आश्रमशाळेत मी नववीला इंग्रजी वाक्यांचं पृथक्करण शिकवत होते. "एकटं उभं राहतं ते मुख्य वाक्य, आधार लागतो ते गौण. आता आपापलं वाक्य करा."

सूर्यमाळच्या पोशीनं फळ्यावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "वुई लिव्ह इन सूर्यमाळ, ऑल्दो वुई गो टू भिवंडी टू लिव्ह."

"अगं, दोन्हीकडे लिव्ह? नक्की राहता कुठे?"

"राहतो सूर्यमाळलाच, बाई. दिवाळी झाली की भिवंडीला वीटभट्टीवर जगायला जातो."

माझाच गोंधळ उडाला. राहणं आणि जगणं, इंग्रजीत दोन्हीला शब्द एकच!

"बरं, यातल्या मुख्य वाक्याखाली रेघ मार."

तिनं खडू आधी पहिल्या वाक्याखाली टेकवला, मग दुसऱ्याखाली.

"बाई, एकटं तर कोणतंच उभं नाय राहत."