काशीहून आल्यावर

काकासाहेब वेशीतल्या मारुतीच्या पारावर बसून होते. काशी करून आलेल्या माणसाने थेट घरात शिरायचं नसतं. घरच्यांनी यायचं, पाय धुवायचे, मग न्यायचं. टेंभुर्णीची माणसं जाता-येता लांबूनच हात जोडत होती. एरवी यांच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही, पण आज जवळ येऊन बोलायचं काय, हा प्रश्न होता.

कारण काशीला दोघांनी जायचं होतं. बँकेने लवकर निवृत्ती घेणाऱ्यांना वाट मोकळी करून दिली, तेव्हा काकासाहेबांनी सगळ्यांच्या आधी अर्ज टाकला, तो बायकोच्या, उषाबाईंच्या एका वाक्यावर. पाय चालतात तोवर जाऊ, असं त्या म्हणाल्या होत्या. यात्रेच्या बसमध्ये दोन जागा सांगून झाल्या आणि बस निघायच्या आधीच उषाबाई गेल्या. काकासाहेब एकटे निघाले. शेजारच्या सीटवर त्यांनी कोणाला बसू दिलं नाही.

त्यांना वाटलं होतं, ती कुठंतरी भेटेल. प्रयागला, काशीच्या घाटावर, निदान स्वप्नात तरी. ती आली नाही. सगळे गंगेत बुड्या मारत होते आणि हे पायरीवर बसून राहिले, फाट्यावर जीपची वाट बघणाऱ्या माणसासारखे. मग त्यांना रागच आला. बायकोचा, गंगेचा आणि त्या अर्जाचाही. तो राग घेऊनच ते परत आले होते.

मुलगा भुजंग आला. सुनेने गोजरबाईला हाताला धरून आणलं. गोजरबाई भावकीतली म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. पण यात्रेहून आलेल्यांचे पाय धुण्याचा मान गावात तिचाच, आणि तो ती भांडून घ्यायची. दिवाळीच्या आधीपासून ती चिखलीला लेकीकडे होती. कालच आली.

वाजंत्री कशी काय न्हाई, असं तिने विचारलं. वाजंत्रीवाले लग्नाला गेलेत, असं भुजंगने ठोकून दिलं आणि मग एकदम बायकोकडे पाहिलं. उषाबाई गेल्याचं म्हातारीला ठाऊकच नव्हतं. लेकीने सांगितलं असेल म्हणून इथं कोणी बोललं नव्हतं. गावी गेल्यावर कळेलच, म्हणून लेकीनेही सांगितलं नव्हतं.

गोजरबाई खाली बसली. तिने परात ओढून घेतली, काकासाहेबांचे पाय धुतले, पदराने पुसले आणि ओले हात डोळ्यांना लावले. मग तिने परात बाजूला सरकवली. काकासाहेबांच्या डावीकडे पार रिकामा होता, तिथे.

"उषा, पाय दे माय."

भुजंग पुढे झाला. काकासाहेबांनी हातानेच त्याला थांबवलं. हाताला काही लागणार नाही, मग आपणच सांगू, असं त्यांच्या मनात होतं.

म्हातारीने हात पुढे केले. ते अधांतरी थांबले आणि काहीतरी धरल्यासारखे वळले. दुसऱ्या हाताने तिने तांब्या कलता केला. पाणी सरळ परातीत पडलं नाही. मध्येच ते कशावर तरी फुटलं, दोन्ही अंगांनी ओघळलं आणि मग परातीत आलं. सुनेने भुजंगचा दंड घट्ट धरला. वर पिंपळाचं एक पान हलत नव्हतं.

"लई गार पडले गं पाय," गोजरबाई म्हणाली. तिची बोटं चोळत चोळत मागे गेली आणि एका जागी थांबली. तिने तोंड काकासाहेबांकडे वळवलं.

"काकासाहेब, नवी चप्पल चावली हिला. टाचंला फोड येऊन फुटलाय. इतकी चालली बिचारी तुझ्या मागं मागं. एक डाव तरी वळून पाह्यचं न्हाई व्हय रे?"

काकासाहेबांनी शेजारच्या बॅगेकडे पाहिलं. चपलांचं कोणालाही ठाऊक नव्हतं. मागे पट्टा असलेल्या त्या चपला उषाबाईंनी यात्रेसाठी जालन्याहून आणल्या होत्या आणि एकदाही पायात घातल्या नव्हत्या. काकासाहेबांनी त्या खोक्यासकट बॅगेच्या तळाशी ठेवून नेल्या. लोक हसतील म्हणून मुलालाही सांगितलं नव्हतं. जन्मभर ते रस्त्याने तिच्या चार पावलं पुढे चालत आले, हे मात्र सगळ्या गावाने पाहिलं होतं. काशीतही त्यांनी तिला शोधलं ते पुढेच.

त्यांनी बॅग उघडली. खोक्याची दोरी त्यांनी घरी बांधली होती तशीच होती. ती सोडून त्यांनी झाकण काढलं. चपलांच्या तळव्यांवर पाचही बोटांचे ठसे उमटले होते. डावीचा टाचेचा पट्टा काळा पडला होता, आणि शिवणीत बारीक रेती होती.

"आली होतीस तू," ते म्हणाले. राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांना भरून आलं.

गोजरबाईने दुसरे पायही पदराने पुसले, हळूच, फोडाला धक्का न लावता. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"आता घरला जाताना तरी हिला म्होरं चालू दे," ती म्हणाली.

काकासाहेब पारावरून उतरले. उषाबाईंच्या चपला त्यांनी आपल्या चपलांच्या पुढे, घराकडे तोंड करून मांडल्या. आणि तिथेच थांबून राहिले.