मालकाची भिंत

"ताई, बाटली पुन्हा उभी राहिली तुमची," मोतीराम पेंटर म्हणाला.

फुलाबाईनं जीभ चावली. सरावाच्या पत्र्यावर तिनं सवयीनं बूच वर, बूड खाली अशीच बाटली काढली होती. बाकी बाटली मात्र अशी हुबेहूब, की तीस वर्षं ब्रश धरलेल्या मोतीरामनं तोंडात बोट घालावं. नवरा पक्का बेवडा दिसतोय बिचारीचा, त्यानं मनाशी ताडलं, आणि त्याला वाईट वाटलं.

"अहो, उभी म्हणजे दुकान चालू आणि आडवी म्हणजे बंद. अशी उभी काढलीत तर गाव म्हणेल, बाई दुकानवाल्याचा प्रचार करतेय!"

फुलाबाई हसली नाही. रॉकेलच्या बोळ्यानं तिनं पत्रा पुसला आणि नव्यानं सुरुवात केली.

आठ दिवसांपूर्वी निफाडकडच्या एका खेड्यातून एस.टी.नं ती पंचवटीत त्याच्या दुकानी येऊन धडकली होती. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान लागलं होतं, येत्या रविवारी. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान हटणार. तिचा धाकटा भाऊ पुंजाराम त्याच दुकानात पिऊन पिऊन गेला होता. पण गावातल्या बायका दुकानवाल्याला टरकून. प्रचाराला कुणी साधी भिंत देईना.

"मला भिंतीवर लिवायला शिकवा," ती म्हणाली होती. "हे झाल्याबिगर मी मागं हटायची नाय."

फ्लेक्सवाल्यांनी मोतीरामला तसंही रिकामं बसवलं होतं. त्यानं शिकवायला घेतलं, आणि शिकवताना तो कुणाची भीडभाड ठेवत नसे.

"आधी मोजा, मग लिहा. नवशिक्याचं पहिलं अक्षर हत्तीएवढं आणि शेवटचं उंदराएवढं होतं. बघा, तुमचं 'बाटली' ऐसपैस बसलंय आणि 'करा' कोपऱ्यात चेंगरून मेलंय! गेरूत भिजवलेली दोरी ताणून रेघ मारा. दोन अक्षरं झाली की ब्रश ठेवा आणि रस्त्यापलीकडं जाऊन बघा. भिंत लांबूनच वाचतात. आणि ओघळ आला तर लगेच पुसायला धावू नका, आणखी राडा होतो. वाळू द्या, मग खरवडा."

ती ऐकायची. दुपारच्या गाडीनं परत जायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. बोटांना लागलेला रंग तसाच. एकदा तर मनगट सुजवून आली. "पडले," एवढंच म्हणाली. मोतीरामनं जास्त विचारलं नाही.

गुरुवारी तिचं लिखाण एकदम सरळ उतरलं. मोतीराम खूश झाला.

"आता शेवटचं सांगतो, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचं. मालकाला विचारल्याशिवाय भिंतीला ब्रश लावायचा नाही. भिंत कुठली मिळालीय?"

"दुकानाचीच."

मोतीरामनं चहाचा कप खाली ठेवला. "दारूच्या दुकानाची? मालकाला विचारलंत?"

"इचारलं. मालक म्हणतो, हात तोडीन."

"अहो मग? आधी त्याला नीट समजवा तरी!"

"बारा वर्सं समजावतेय, दादा. अन् नुसतं ह्यानं बंद करून काय व्हणार? उद्या दुसरा कुणी उघडील. मतानं बाटली आडवी झाली की गावातच दुकान नाय."

मोतीराम उठून उभा राहिला. "मग मीच येतो. तासाभराचं काम. तुम्ही कशाला जिवावर उदार होता?"

"नको. तुम्ही लिवलं तर तो तुमच्यावर केस करील. मी लिवलं तर त्याला काय बी करता येत नाय." तिनं ब्रश पिशवीत टाकला. "आन् माझ्याच हातानं लिवलेलं बघितल्याबिगर बायकांची भीती मोडायची नाय."

बाईमाणसावर कोण केस करणार, असा हिशोब असेल तिचा, मोतीरामला वाटलं. पण हात तोडणारे काही कोर्टात जात नाहीत. त्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

रविवारी तो न राहवून गावात गेला. पोहोचेपर्यंत शाळेत मतमोजणी संपत आली होती. एस.टी. थांब्यासमोरच बंद दुकान, आणि त्याच्या भिंतीवर भलीमोठी अक्षरं: बाटली आडवी करा. शिरोरेषा सरळसोट. 'करा' ऐसपैस. खाली बाटली, आडवी. त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात शाळेकडून बायकांचा गलका उठला. आडवी! आडवी झाली! कुणी फुगडी घालतंय, कुणी रडतंय. त्या गर्दीत फुलाबाई काही त्याला दिसेना.

दुकानाच्या पायरीवर एक जाडजूड माणूस डोकं धरून बसला होता. लोक त्याला केरूशेठ, केरूशेठ म्हणत लांबून जात होते. म्हणजे हाच तो. मोतीराम तडक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"त्या बाईला लिहायला मी शिकवलंय. काय करायचं ते मला करा. तिच्या हाताला धक्का लागला तर याद राखा!"

केरूशेठनं मान वर केली. डोळे लाल होते, पण आवाजात काही दम उरला नव्हता.

"करायचं काय, पेंटर? पुसाया चुना कालवला व्हता मी. तर ती आडवी आली, म्हणली, माझ्या भिंतीला हात लावायचा नाय. खरंच हाय की! दुकान, भिंत, परवाना, समदं मीच हौसेनं बायकोच्या नावावर केलंय." तो उठला आणि धोतर झटकत म्हणाला, "चला आता घरी. आमच्या फुलाबाईनं बजावलंय, पेंटरदादा आले तर जेवल्याबिगर सोडायचं नाय."