पुढच्या खोलीचा पडदा

१९७९ सालच्या एप्रिलमध्ये हॉलंडच्या उत्तरेतल्या डेल्फझाइल गावी, आमच्या गल्लीत संध्याकाळी एकच खिडकी झाकलेली असायची, आणि ती आफ्के डाइकेमाच्या घराची होती.

"तुझा भाडेकरू अजून ओढतो पडदा?" हार्मने विचारलं. हार्म गावच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक, आफ्केचा शाळेपासूनचा मित्र.

"दिवा लावायच्या आधी ओढतो. अंधार पडायचीसुद्धा वाट बघत नाही."

हार्मने डब्यातलं दुसरं बिस्किट उचललं. आमच्याकडे कॉफीबरोबर एकच घ्यायची रीत.

"दुसरं घेतोयस? म्हणजे काळजी खरी दिसते," आफ्के म्हणाली आणि तिने डब्याला झाकण लावलं.

काळजी खरीच होती. शनिवारी अजिंक्यपदाचा शेवटचा सामना होता. आमचा संघ पहिल्यांदाच इतका वर आला होता, आणि आला होता तो वेंडेल टिब्सच्या जिवावर. वेंडेल अमेरिकेच्या दक्षिणेतला, काळा, अबोल. इतका उंच की आफ्केच्या माडीच्या जिन्यात मावेना. म्हणून तिने त्याला रस्त्यालगतची पुढची खोली भाड्याने दिली होती. पण आदल्या वर्षीचा अमेरिकनही चांगलाच खेळायचा. त्याला बेल्जियमच्या कुठल्याशा क्लबने आतून फितवलं, आणि मोसमाच्या अखेरच्या साखळी सामन्यात तो बास्केटखाली खांबासारखा उभा राहिला. गाव ते विसरलं नव्हतं.

आमच्याकडे पडदे शोभेला. संध्याकाळी रस्त्यावरून जाताना कोणाच्या ताटात काय आहे ते दिसतं, आणि ते दिसावं असंच सगळ्यांना वाटतं. पडदा ओढलेल्या घरात आजारपण तरी असतं, नाहीतर लबाडी. वेंडेल तर ठणठणीत होता.

शिवाय ती गाडी. अधूनमधून रविवारी आफ्केच्या दारात एक गाडी यायची, लाल आकड्यांच्या बेल्जियन पाटीची. तिच्यातून एक नेटका काळा माणूस उतरायचा. रोस्को त्याचं नाव, तोही अमेरिकन, बेल्जियमच्या एका क्लबकडून खेळणारा. हातात छोटी काळी पेटी. दोघं पडद्याआड बसायचे. कुजबुज चालायची, मधेच मोठ्याने हसायचे. तो गेला की वेंडेल मागच्या दारी टॉवेल झटकायचा.

"पेटीत काय असतं?" हार्मने विचारलं.

"मी विचारलं त्याला. म्हणाला, 'माझी हत्यारं, बाई.' आणि हसला."

"हसला?"

"दात दाखवून."

हार्म उठला. दारात थांबून म्हणाला, "तुझं घर आहे, आफ्के. एकदा पडदा सारून बघ, काय करतो ते."

गुरुवारी तिन्हीसांजेला ती कॉफी घेऊन आत गेली. वेंडेल दिव्याखाली वर्तमानपत्र वाचत होता. तिने कप ठेवला, खिडकीपाशी गेली आणि एका झटक्यात पडदा सारला.

"इथं कोणाला काही लपवायचं नसतं," ती म्हणाली.

मागे दिवा आपटला. ती वळली तर खुर्ची रिकामी. एवढा मोठा माणूस जमिनीवर पालथा पडला होता. त्याने हात लांब करून तिच्या एप्रनचं टोक पकडलं आणि ओढलं.

"खाली बसा, बाई. खाली."

ती बसली नाही. तिने बाहेर पाहिलं. रस्त्यावर पाववाल्याची गाडी उभी होती आणि समोरची शेजारीण कुंड्यांना पाणी घालत होती.

त्याच संध्याकाळी ती हार्मकडे गेली.

"लपला," ती म्हणाली. "कोणीतरी बघेल म्हणून जमिनीवर पालथा पडला. स्वच्छ मनाचा माणूस असा लपत नाही."

"नाहीच लपत," हार्म म्हणाला.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. वेंडेल बाकावर बसला होता. सगळा सामना संपेपर्यंत हार्मने त्याला उठवलं नाही. मध्यंतरात वेंडेलने एकच शब्द विचारला, "का?"

"तुला माहीत आहे," हार्म म्हणाला.

एका बास्केटने आम्ही हरलो. सोमवारी पुढची खोली रिकामी होती. चादरीची घडी घातलेली, पडदा पूर्ण उघडा.

आमचा संघ त्यानंतर कधी शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचला नाही. हार्मने दोन वर्षांनी प्रशिक्षण सोडलं. मरेपर्यंत तो सांगायचा, त्या अमेरिकनाला मी वेळेवर ओळखलं म्हणून. रोस्कोने खेळणं सोडल्यावर अँटवर्पला केशकर्तनालय काढलं. तिथं जाऊन आलेल्या कोणीतरी ती काळी पेटी आरशाखाली उघडी पाहिली. आत कात्र्या, वस्तरा आणि कंगवे. उत्तरेतल्या एकाही न्हाव्याला वेंडेलचे दाट कुरळे केस कापता येत नव्हते. हे हार्मच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "सोंग चांगलं घेतलं होतं." आफ्केने मात्र त्यानंतर खोली कोणाला दिली नाही, आणि का ते सांगितलंही नाही.

वेंडेल शिकागोच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला. १९९६ साली आमचं जुनं सभागृह पाडायचं ठरलं, तेव्हा जुन्या खेळाडूंना निरोपाला बोलावलं होतं. तो आला. केस पिकलेले, गुडघे दुखणारे. फुलं घेऊन आफ्केला भेटायला वृद्धाश्रमात गेला. तिची खोली रस्त्यालगत होती, खिडकी मोठी, पडदे उघडे. त्याने आपली खुर्ची उचलली आणि भिंतीच्या आडोशाला नेऊन ठेवली. मग बसला.

आफ्केने त्या खुर्चीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"त्या गुरुवारी तू कोणापासून लपलास?" तिने विचारलं.

"आज विचारताय," वेंडेल म्हणाला. त्याने फुलं तिच्या मांडीवर ठेवली. "आमच्या घरी पडदा एकदाच उघडा राहिला होता, बाई. बाबा दिव्याखाली वर्तमानपत्र वाचत होते, आणि रस्त्यावरून गोळी आली."