वाऱ्याला आडोसा

नारिन गावात एका अंगणात मी घरच्या वारलेल्या म्हाताऱ्याच्या कबरीवर उभारायचा तंबूच्या आकाराचा लोखंडी सांगाडा वेल्डिंगने जोडत होतो. त्याची दोन्ही मुलं अंगणाच्या दोन टोकांना उभी होती. बापाच्या वर्षाच्या जेवणाला कुणाची घोडी कापायची, यावरून त्यांचं बोलणं बंद होतं.

"एर्मेक, सामात, इकडे या की रे दोघं," मी ओरडलो. "वाऱ्यानं वेल्डिंगचा गॅस उडतोय, सांध्याला भोकं पडतील. खांद्याला खांदा लावून आडोसा करा!"

दोघं येऊन चिकटून उभे राहिले. शेवटच्या सांध्याला सामात पुटपुटला, "पायावरनं पाय काढ."

"तूच सरक की," एर्मेक म्हणाला.

मी मशीन बंद करायला गेलो, तर त्यांच्या आईनं माझा हात धरला. तिच्या चहाच्या समोवारचा धूर काठीसारखा सरळ वर चालला होता.

 

"वारा अजून पडला नाही रे," ती म्हणाली.